फर्स्ट पर्सन व्ह्यू ड्रोनमधील प्रतिमा स्थिरीकरण

फर्स्ट पर्सन व्ह्यू (एफपीव्ही) ड्रोनचा चालक कॅमेऱ्यातील दृश्य डोळ्यांवरील गॉगल्समध्ये थेट पाहून ड्रोन उडवतो. अशा ड्रोनच्या चित्रणातील हादरे व हेलकावे कमी करण्याच्या प्रक्रियेला प्रतिमा स्थिरीकरण म्हणतात. गॉगल्समधील दृश्य कमीत कमी विलंबाने पोहोचावे म्हणून ते बरेच संक्षेपित केलेले असते. अधिक दर्जाचे चित्रण ड्रोनवरील मेमरी कार्डावर स्वतंत्रपणे साठवले जाते.

कार्यपद्धती

छायाचित्रणाच्या सामान्य ड्रोनमध्ये कॅमेरा बहुधा तीन अक्षांच्या गिंबलवर बसवलेला असतो. एफपीव्ही ड्रोन वेगाने कलते व उलटते, त्यामुळे त्यात कॅमेरा पक्का बसवतात किंवा एकाच अक्षाचा गिंबल वापरतात. उरलेले स्थिरीकरण इलेक्ट्रॉनिक असते. जायरोस्कोपने नोंदवलेल्या हालचालीच्या विरुद्ध दिशेने प्रत्येक चौकट फिरवली जाते व तिच्या कडा कापल्या जातात. गोप्रोचे हायपरस्मूथ (२०१८) हे काम कॅमेऱ्यातच करते, तर जायरोफ्लो ही मुक्त स्रोत संगणकप्रणाली ते उड्डाणानंतर करते.

मर्यादा

स्थिरीकरणामुळे चौकटीची जागा सुधारते. चौकटीतील धूसरपणा जात नाही. सेकंदाला ९० अंश वळणारे ड्रोन १/६० सेकंदात दीड अंश फिरते, तर १/६०० सेकंदात केवळ ०.१५ अंश. त्यामुळे शटरचा वेग कमी असल्यास स्थिर केलेले चित्रही मधूनमधून पुसट दिसते.

महाड व पोलादपूर परिसरातील उपयोग

रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी आहेत. २२ जुलै २०२१ रोजी अतिवृष्टीत महाड तालुक्यातील तळिये तसेच पोलादपूर तालुक्यातील केवनाळे व साखर सुतारवाडी येथे दरडी कोसळून जीवितहानी झाली. अशा उतारांची पाहणी पावसाळ्यात करावयाची झाल्यास ढगाळ हवेमुळे प्रकाश अपुरा पडतो. शटरचा वेग वाढवल्यास आयएसओ वाढवावा लागतो व चित्रात कण दिसतात. वेग कमी ठेवल्यास जमिनीतील बारीक भेगा पुसल्या जातात. दाट हिरवळीचे तपशील कमी बिटरेटमध्ये नीट टिकत नाहीत. म्हणून अशा पाहणीत ड्रोन सावकाश उडवणे हा वेगवान शटर शक्य नसताना उपयुक्त पर्याय ठरतो.

स्थिर केलेल्या चित्रणात चौकट वळवलेली व कापलेली असल्याने त्यावरून भेगेची रुंदी किंवा उताराचे माप काढणे विश्वसनीय नसते. मोजमापासाठी मूळ चित्रण, किंवा शक्य असल्यास स्वतंत्र स्थिरचित्रे, वापरली जातात.