पाळीची तारीख नव्हे, दिवस मोजा

मुलीची पाळी सुरू होऊन वर्ष झाले आणि मध्येच एक महिना चुकला, की काही घरांत धास्ती पसरते आणि लगेच सोनोग्राफी केली जाते. काही घरांत ‘लग्न झालं की होईल सुरळीत’ म्हणून विषयच मिटवला जातो. ही दोन्ही टोके टाळायला हवीत.

एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत जितके दिवस जातात, ते पाळीचे चक्र. प्रौढ वयात ते साधारण २१ ते ३५ दिवसांचे असते. पाळी नुकतीच सुरू झालेल्या मुलींमध्ये ४५ दिवसांचे अंतरही नैसर्गिक असू शकते. मेंदू आणि बीजकोष यांच्यातील संप्रेरकांचा मेळ बसायला वेळ लागतो. तोवर दर महिन्याला बीजकोषातून बीज बाहेर पडतेच असे नाही. बीज बाहेर पडले नाही, की प्रोजेस्टेरॉन पुरेसे तयार होत नाही. गर्भाशयाचे अस्तर वाढत राहते, मग पाळी उशिरा आणि कधी जास्त जाते. बहुतेक मुलींमध्ये तीन वर्षांत हे चक्र स्थिरावते.

पाळी सतत अनियमित राहिली, तर मात्र कारण शोधावे लागते. चेहऱ्यावर राठ केस आणि खूप मुरुमे असतील, तर पीसीओएसची शक्यता तपासतात. पण पाळी सुरू झाल्यावर आठ वर्षांपर्यंत केवळ सोनोग्राफीवरून हे निदान करू नये, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे सांगतात; या वयात निरोगी बीजकोषांतही अनेक लहान बीजपुटके दिसतात. थायरॉइडचे विकार आणि वाढलेले प्रोलॅक्टिन हीसुद्धा कारणे असतात. तरुणींमध्ये पाळी चुकल्यास गर्भधारणेची तपासणी आधी होते.

सहज नजरेआड होणारे कारण म्हणजे कमी खाणे. कडक डाएट, झपाट्याने उतरलेले वजन, खाण्याच्या मानाने जास्त व्यायाम किंवा मोठा ताण यांमुळे मेंदू बीजकोषांना दिले जाणारे संदेश कमी करतो. इस्ट्रोजेन घटते आणि हाडे भरण्याच्या वयातच ती कमकुवत होऊ लागतात. ‘पाळीची कटकट नाही’ म्हणून याकडे दुर्लक्ष करू नये.

पाळी तीन महिने आली नाही, वारंवार २१ दिवसांच्या आत आली, रक्तस्राव सात दिवसांपेक्षा जास्त चालला, दर एक-दोन तासांनी पॅड बदलावे लागले किंवा वयाच्या १५ व्या वर्षापर्यंत पाळी सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. पहिल्या पाळीपासूनच खूप रक्त जात असेल, तर रक्त गोठण्याचा आनुवंशिक दोष असू शकतो.

पाळी आणणाऱ्या गोळ्यांनी रक्तस्राव होतो, पण मूळ कारण तसेच राहते. त्यामुळे दुकानातून परस्पर गोळ्या घेऊ नयेत. पाळी कधी आली आणि किती दिवस राहिली, हे कॅलेंडरवर लिहून ठेवावे. डॉक्टरांना निदानासाठी सर्वात आधी हीच नोंद लागते.