चांदीच्या तुकड्याचे नाणे कसे झाले?

समजा रनाळ्यातील एखाद्या आजीने अडचणीच्या वेळी आपल्या पायांतली चांदीची वाळी नंदुरबारच्या सराफाकडे मोडीला नेली. सराफ नक्षीकडे पाहत नाही, घडणावळही धरत नाही. तो दोनच गोष्टी पाहतो: वजन किती आणि चांदी किती शुद्ध. त्यावर पैसे ठरतात. नाणी निघण्यापूर्वी धातूने होणारी सगळीच खरेदी अशी होत असे. चार हजार वर्षांपूर्वी मेसोपोटेमियात चांदीचे तुकडे व कडी तोलून देत. तेथील 'शेकेल' हे मुळात वजनाचेच नाव, सुमारे ८.३ ग्रॅमचे. आपल्याकडे वैदिक वाङ्मयात 'शतमान' येते. शतमान म्हणजे शंभर मापांचे.

कोणती मापे? गुंजा! लाल अंगाच्या, काळ्या डोळ्याच्या या बिया तुम्ही कुंपणावर पाहिल्या असतील. (हाताळा, पण तोंडात मुळीच घालू नका, त्या विषारी असतात.) आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा. म्हणजे ११.६६ ग्रॅमच्या तोळ्यात ९६ गुंजा, एक गुंज ०.१२ ग्रॅमची. प्राचीन नाण्यांवरून हिशोब केला तर मात्र ती ०.११ ग्रॅमच्या आसपास येते. एकेक बी हलकी-भारी असणारच. तुम्ही शंभर गुंजा एकदम तोलून शंभराने भागा. सरासरी बरीच स्थिर येते. तक्षशिलेला सापडलेल्या चांदीच्या वाकड्या पट्ट्या सुमारे ११ ग्रॅमच्या आहेत. शंभर गुंजा!

वजनाचा प्रश्न असा सुटला. शुद्धतेचा प्रश्न अधिक चिवट. तुम्ही म्हणाल, आर्किमिडीजप्रमाणे पाण्यात बुडवून घनता काढावी. करून पाहू. चांदीची घनता १०.५, तांब्याची सुमारे ९. पाच ग्रॅम शुद्ध चांदीचे आकारमान ०.४७६ घन सेंटिमीटर. तिच्यात वीस टक्के तांबे मिसळले तर ते ०.४९२ होईल. फरक ०.०१६, म्हणजे पाण्याच्या एका थेंबाच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा! बाजारातल्या गर्दीत तो कोण मोजणार? कसोटीच्या दगडावर घासले तर फक्त पृष्ठभागाचा कस कळतो. आत तांबे आणि वर चांदीचा पातळ थर, अशी लबाडी प्राचीन काळीही चालत असे. म्हणून व्यापारी सरळ छिन्नीने चीर देऊन आत पाहत. जुन्या नाण्यांवर अशा चिरा आजही दिसतात.

जाड लगडीच्या पोटात काय आहे, हे तिला तोडल्याशिवाय कळत नाही. पातळ पत्र्यात किंवा तारेत लपवायला जागाच थोडी असते. माझ्या मते लगडीपेक्षा पत्रा आणि तार व्यवहाराला सोयीची ठरली, त्याचे हे एक कारण असावे. आपल्याकडील आहत नाणी चांदीच्या पत्र्याचे तुकडे कापूनच बनवत. वजन जास्त भरले तर कोपरा छाटायचा, मग चिन्हांचे ठसे मारायचे. आकार वेडावाकडा, पण वजन बत्तीस रतींच्या, म्हणजे गुंजांच्या, जवळ. ठशाचा अर्थ एवढाच की हे आधीच कोणीतरी तोलले व पारखले आहे. हजार तुकड्यांचा व्यवहार असेल तेव्हा या एका खुणेने किती वेळ वाचला असेल, याची कल्पना करा.

तारेचे नाणे तर आपल्या कोकणातही चालले. त्याचे नाव लारी. हे नाव इराणातील लार या ठिकाणावरून आले. सोळाव्या-सतराव्या शतकांत इराणी आखातापासून पश्चिम किनाऱ्यापर्यंत आणि पुढे मालदीव, श्रीलंकेपर्यंत लारी घेत असत. चांदीची तार मध्यावर दुमडायची आणि चपटी करून ठसा मारायचा. दिसायला केसांतल्या आकड्यासारखी. वजन पावणेपाच ग्रॅमच्या आसपास. तार दहा सेंटिमीटर लांब धरली तर तिची जाडी सुमारे अडीच मिलिमीटर येते. गणित करून ताडा पाहा. विजापूरच्या दुसऱ्या अली आदिलशहाच्या (१६५६–१६७२) नावाच्या लाऱ्या मिळाल्या आहेत. गंमत अशी, की ठसा तारेपेक्षा रुंद असल्यामुळे लारीवर अक्षरांचे तुकडेच उमटतात आणि पुरते नाव वाचायला अनेक लाऱ्या शेजारी ठेवून जुळवाव्या लागतात.