रानपिंगळ्याचे तोरणमाळ : संशोधन, कायदा आणि ग्रामसभा

महाराष्ट्राच्या वायव्य सीमेवर, सातपुड्याच्या रांगेत, समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटर उंचीवर तोरणमाळचे पठार वसले आहे. यशवंत तलाव, सीताखाईची खोल दरी आणि महाशिवरात्रीला भरणारी गोरखनाथाची यात्रा यांमुळे हे थंड हवेचे ठिकाण खानदेशात सुपरिचित आहे. पक्षिशास्त्राच्या जगात मात्र तोरणमाळचे नाव घेतले जाते ते एका लहानशा घुबडामुळे. जेमतेम २३ सेंटिमीटर लांबीचा हा पक्षी म्हणजे रानपिंगळा. तो एका शतकाहून अधिक काळ नाहीसा झाला असे मानले जात होते. तो पुन्हा सापडला आणि त्यासोबतच जंगल, जमीन व माणसे यांच्या संबंधाचे काही अवघड प्रश्नही पुढे आले.

खोट्या नोंदीची किंमत

राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढे १८८५ मध्ये पुढाकार घेणारे अॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे पक्ष्यांचे मोठे अभ्यासक होते. एफ. आर. ब्लूइट यांनी आजच्या छत्तीसगडमधील फुलझर भागात १८७२ मध्ये मिळवलेल्या नमुन्यावरून ह्यूम यांनी १८७३ मध्ये या जातीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. पुढे खानदेशात नोकरीस असलेले मुलकी अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा परिसरातून आणखी नमुने गोळा केले. १८८४ नंतर मात्र या पक्ष्याची एकही खात्रीलायक नोंद झाली नाही. अपवाद होता तो रिचर्ड माइनर्ट्झहॅगन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहातील एका नमुन्याचा. तो १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवी येथे मिळाल्याची चिठ्ठी त्याला लावलेली होती. १९७० च्या दशकात सालिम अली व डिलन रिपले यांच्यासारख्या श्रेष्ठ अभ्यासकांच्या प्रयत्नांनाही यश आले नाही.

अमेरिकन पक्षितज्ज्ञ पामेला रासमुसेन व त्यांचे सहकारी नायजेल कॉलर यांनी जगभरच्या संग्रहालयांतील मोजक्या सात नमुन्यांची बारकाईने तपासणी केली, तेव्हा मांडवीची नोंद बनावट असल्याचे उघड झाले. तो नमुना मुळात डेव्हिडसन यांचा होता. तो ब्रिटिश संग्रहालयातून चोरून, पुन्हा भरून, त्यावर नवी चिठ्ठी डकवण्यात आली होती. एका लबाडीपायी शोधाची दिशाच चुकावी, ही गोष्ट खेदजनक खरीच. परंतु ती दुरुस्त झाली तीही जुन्या कागदांच्या आणि पिसांच्या चिकित्सेनेच. खोटी नोंद बाजूला सारल्यावर खऱ्या नोंदींच्या ठिकाणी शोध सुरू झाला आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी रासमुसेन, बेन किंग व डेव्हिड अॅबट यांना शहाद्याजवळ सातपुड्याच्या पायथ्याशी, उघड्या फांदीवर बसलेला रानपिंगळा दिसला. त्या वेळी हा भाग धुळे जिल्ह्यात मोडत होता. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अस्तित्वात आला.

पक्ष्याचे जंगल कसे असते

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीतर्फे फराह इश्तियाक व असद रहमानी यांनी १९९८ पासून तोरणमाळच्या राखीव जंगलात या पक्ष्याचा अभ्यास केला. घुबड म्हटले की रात्र डोळ्यांपुढे येते. रानपिंगळा मात्र दिवसा वावरतो. फांदीवर बसून, शेपटी झटकत तो जमिनीवरील भक्ष्य हेरतो. त्याच्या आहारात सरड्यांसारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांचे प्रमाण सुमारे ६० टक्के असून उंदरांचा वाटा सुमारे १५ टक्के आहे. घरट्यासाठी तो स्वतः ढोली कोरत नाही. झाडात आधीच असलेल्या ढोलीवर त्याला अवलंबून राहावे लागते.

या दोन साध्या निरीक्षणांतून धोरणाला दोन महत्त्वाचे धडे मिळतात. वनशास्त्राच्या जुन्या व्यवहारात वाळलेले, पोखरलेले किंवा वाकडे झाड हे सदोष मानून आधी तोडले जाई. रानपिंगळ्याच्या दृष्टीने तेच झाड मोलाचे आहे. दुसरे असे की, जमिनीवरचे भक्ष्य दिसण्यासाठी त्याला सागाचे मोकळे, पानझडी जंगल लागते. म्हणून जंगलातील प्रत्येक मोकळी जागा रोपांनी भरून काढणे म्हणजे संवर्धन, ही समजूत येथे लागू पडत नाही. लावलेल्या रोपांची संख्या अहवालात शोभून दिसते. पक्ष्याला त्याचा उपयोग होईलच असे नाही.

पुढील सर्वेक्षणांत मेळघाट, यावल, मध्य प्रदेशातील खंडवा परिसर आणि २०१४ मध्ये तानसा अभयारण्यातही रानपिंगळा आढळला. २०१८ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने त्याला ‘अतिसंकटग्रस्त’ वर्गातून ‘संकटग्रस्त’ वर्गात आणले. हे घडले ते नवी ठिकाणे उजेडात आल्यामुळे. पक्षी वाढले असा त्याचा अर्थ नव्हे.

माणसांचा हक्क

याच पायथ्याशी आणखी एक इतिहास घडला आहे. सरदार सरोवर प्रकल्पामुळे महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी या तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. त्यांतील कुटुंबांच्या पुनर्वसनासाठी १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात तळोदा परिसरातील सुमारे ४,२०० हेक्टर वनजमीन मुक्त करण्यात आली. म्हणजे जो पक्षी नष्ट झाला असे सारे मानत होते, त्याच्या अधिवासाच्या शेजारचे जंगल तो सापडण्यापूर्वीच शेतीखाली गेले होते. धरणात घर व शेत गमावलेल्या आदिवासींना जमीन मिळणे न्याय्यच होते. परंतु तो निर्णय झाला तेव्हा त्या जंगलात काय आहे याची पुरेशी पाहणी हाती असती, तर पर्यायांचा विचार अधिक डोळसपणे करता आला असता.

तोरणमाळ हे राखीव जंगल आहे, अभयारण्य नव्हे. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीमुळे पक्ष्याला संरक्षण मिळते, पण त्याच्या झाडाचे भवितव्य ठरते ते वनविभागाच्या कार्य आयोजनेत आणि ग्रामसभेत. डिसेंबर २००६ मध्ये संमत झालेल्या वनहक्क कायद्याने भिल्ल, पावरा आदी वननिवासी समाजांच्या कसण्याच्या जमिनीला मान्यता दिली आणि सामूहिक वनक्षेत्राचे संरक्षण व व्यवस्थापन करण्याचा अधिकारही दिला. त्याच कायद्याच्या पाचव्या कलमाने वन्यजीव व जैवविविधता यांच्या रक्षणाची जबाबदारी हक्कधारकांवर व ग्रामसभेवर सोपवली आहे. या कलमाची चर्चा तीव्रतेने व्हायला हवी तेवढी होत नाही. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातील बारीपाडा गावाने सुमारे ४४५ हेक्टर जंगल स्वतःच्या नियमांनी राखले आहे. तेव्हा गावाच्या हाती जंगल सुरक्षित राहत नाही, हा आक्षेप टिकत नाही.

ग्रामसभेच्या व्यवस्थापन आराखड्यात शास्त्रीय माहिती पोचावी कशी, हा खरा प्रश्न आहे. इंग्रजी शोधनिबंधातील ढोलीचे वर्णन पावरी बोलणाऱ्या गुराख्यापर्यंत जात नाही. आणि कोणत्या झाडावर पिंगळा बसतो हे त्या गुराख्याला ठाऊक असते, ते निबंधात येत नाही. जैविक विविधता कायदा, २००२ अन्वये गावोगावी करावयाची लोकजैवविविधता नोंदवही हे या दोहोंना जोडणारे उपयुक्त साधन आहे; मात्र ती कार्यालयात बसून भरली गेली तर निरर्थक ठरते. ढोली असलेल्या झाडांना गावकऱ्यांनीच खूण करावी, आणि कार्य आयोजनेच्या आखणीत ती झाडे राखून ठेवावीत, एवढे झाले तरी पुष्कळ काही साधेल.

वणव्याचा प्रश्नही याच मार्गाने हाताळावा लागेल. राज्यात वणव्याचा हंगाम १५ फेब्रुवारी ते १५ जून असा धरला जातो. रानपिंगळ्याच्या विणीचा बराचसा काळ याच सुमारास येतो. मोहाची फुले वेचणे सोपे जावे म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवण्याची पद्धत आहे, आणि महाशिवरात्रीची यात्राही याच दिवसांत भरते. मोहावर अनेक घरांचे उन्हाळ्यातील उत्पन्न अवलंबून असल्याने केवळ मनाईचा फलक लावून भागत नाही. पाचोळा पेटवण्याऐवजी झाडून बाजूला करणे, फुले पडण्यासाठी झाडाखाली जाळी किंवा कापड अंथरणे, आणि जाळरेषा आखण्याचे काम यात्रेपूर्वीच त्याच गावातील लोकांना मजुरीने देणे हे उपाय कमी खर्चाचे आहेत, आणि ते जानेवारीच्या ग्रामसभेतच ठरवता येतात.