मागे राहिलेल्या घोड्यांचा मुलूख

सातपुड्याच्या दक्षिण पायथ्याशी, शहाद्याहून धडगावच्या डोंगराळ प्रदेशाकडे जाणाऱ्या रस्त्यावर म्हसावद वसले आहे. त्याच्या उत्तरेस भिल्ल आणि पावरा समाजाच्या पाड्यांनी व्यापलेल्या डोंगररांगा आहेत आणि दक्षिणेस केळी, ऊस, कापूस व मिरची पिकविणारे तापीचे काळ्याभोर मातीचे खोरे पसरले आहे. या दोन भूप्रदेशांच्या सीमेवर उभे राहून पाहिले असता घोडा हा प्राणी दोन अगदी भिन्न रूपांनी दृष्टीस पडतो. डोंगरात तो गोण्या, धान्य आणि प्रसंगी आजारी माणूस वाहणारा, अंगाने लहान, नावानिशी कोणी न ओळखणारा तट्टू असतो; खोऱ्यात, तापीकाठच्या सारंगखेड्यास, तोच मार्गशीर्ष पौर्णिमेला मखमलीची झूल पांघरून आणि पायांत चाळ बांधून लक्षावधी रुपयांच्या बोलीस उभा राहतो. दुसऱ्या घोड्याची छायाचित्रे दरवर्षी वर्तमानपत्रांतून छापून येतात. पहिल्याचे वर्तमान लिहिण्याची आवश्यकता कोणास वाटलेली नाही. आणि शर्यतीत, बाजारात व इतिहासात मागे राहिलेल्या अशा घोड्यांविषयीच प्रस्तुत लेखात लिहावयाचे आहे.

खानदेशचा हा वायव्य कोपरा आज आडवळणाचा वाटतो, परंतु मोगल अमदानीत तो हमरस्त्यावर होता. सुरत बंदरात उतरलेला माल नवापूर, नंदुरबारमार्गे बुऱ्हाणपुरास आणि तेथून आग्ऱ्यास जात असे. सतराव्या शतकातील फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हर्निए याने आपल्या प्रवासवर्णनात या वाटेवरील मुक्काम क्रमाने नोंदविले आहेत. जेथे तांडे तेथे जकात, जेथे जकात तेथे ठाणे आणि जेथे ठाणे तेथे स्वारांची शिबंदी हा त्या काळचा क्रमच होता. शहाद्याजवळचे सुलतानपूर हे एके काळी परगण्याचे नांदते ठिकाण होते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीची होळकरशाहीतील धामधूम आणि त्याच सुमाराचा दुष्काळ यांच्या तडाख्याने ते ओस पडले आणि पुढे परगण्याचा कारभार शहाद्याकडे आला. कसबे उठली, वाटा बदलल्या, परंतु घोड्याची खरेदी-विक्री या मुलखातून गेली नाही. सारंगखेड्याच्या एकमुखी दत्ताच्या यात्रेस तीनशे वर्षांहून अधिक काळाची परंपरा सांगितली जाते, आणि मारवाड, काठेवाड, पंजाब, उत्तर प्रदेश अशा दूरदूरच्या प्रांतांतून व्यापारी आजही तेथे आपली जनावरे घेऊन येतात. अलीकडे या बाजारास ‘चेतक फेस्टिव्हल’ असे नाव मिळाले, तंबूंची वसाहत उभी राहू लागली आणि उलाढालीचे आकडे कोटींत मोजले जाऊ लागले.

या बाजारात घोड्याची पारख कशी होते, हे लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. प्रथम रंग पाहतात: पांढराशुभ्र नुकरा, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा अबलख, तांबूस कुमैत, चारही पाय व कपाळ पांढरे असलेला पंचकल्याणी. मग दात पाहून वय ठरवितात. नंतर चाल: दुडकी, चौखूर आणि विशेषतः ती रेवाल चाल, जिच्यात स्वाराच्या हातातील भरला पेला हिंदकळू नये अशी अपेक्षा असते. या साऱ्यास काही आधार आहे, शास्त्रही आहे. परंतु त्यानंतर जाणते गिऱ्हाईक घोड्याच्या अंगावरचे भोवरे मोजू लागते. मानेखाली देवमन हा शुभ भोवरा असेल तर किंमत चढते. डोळ्याखाली, आसवे वाहतात त्या वाटेवर, केसांचा भोवरा निघाला तर तोच घोडा, तीच छाती आणि तेच पाय असूनही, कवडीमोलाचा ठरतो. ही विद्या पुरातन आहे. शालिहोत्राच्या नावाने चालत आलेल्या अश्वशास्त्रात ती आहे, आणि वराहमिहिराच्या बृहत्संहितेतील अश्वलक्षणाच्या अध्यायातही आवर्तांची शुभाशुभ फले दिलेली आहेत. तिचे प्राचीनत्व मान्य करूनही मला असे स्पष्ट म्हणावेसे वाटते की, केसांच्या वळणावरून एखाद्या सशक्त जनावराचे आयुष्य ठरावे हा अन्याय आहे. धावण्याची संधी मिळण्यापूर्वीच हरलेला असा हा घोडा असतो. दलाल त्याला रांगेच्या टोकास बांधतो, यात्रेच्या अखेरीस पडेल भावाने तो विकला जातो आणि टांग्याला, वरातीला किंवा डोंगरातल्या ओझ्याला जुंपला जातो. तेथे मात्र त्याच्या पायांचीच परीक्षा होते, आणि बहुधा तो त्या परीक्षेस उतरतो.

मराठ्यांच्या इतिहासाकडे वळावे तर तो बव्हंशी अशा लहान चणीच्या, मोठ्या वंशावळीचा दिमाख नसलेल्या घोड्यांनीच घडविलेला दिसतो. शिवकालीन पागेची व्यवस्था बखरकार सभासदाने तपशिलाने दिली आहे: पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांचा एक हजारी, आणि दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी व एक नालबंद. पाणी पाजणारा आणि नाल ठोकणारा यांची तरतूद ज्या राज्याने नियमात बसविली, त्या राज्यास घोड्याचे मोल कळले होते, असेच म्हटले पाहिजे. सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर आणि स्वतःचा घोडा आणणारा तो शिलेदार. शिलेदाराचा घोडा लढाईत पडला तर त्याची रोजी आणि प्रतिष्ठा दोन्ही जात असत. या स्वारांखालचे पुष्कळसे घोडे भीमा, नीरा आणि माणेच्या काठी वाढलेले भीमथडीचे तट्टू होते. इराणी वा अरबी घोड्याच्या शेजारी ते खुजे दिसत. परंतु ज्वारीच्या कडब्यावर राहून, दगडधोंड्यांच्या वाटेने, दिवसामागून दिवस मजल मारण्याची त्यांची शक्ती विलक्षण होती. १७५८ साली मराठी फौजा अटकेपर्यंत पोहोचल्या त्या अशाच जनावरांच्या पाठीवरून. पुढे कवायती पलटणी आल्या, तोफखान्याला मोठ्या बांध्याचे घोडे हवे झाले, ऑस्ट्रेलियातून जहाजे भरभरून वेलर घोडे उतरू लागले, आणि भीमथडीचे तट्टू धनगरांच्या खिल्लारांमागे ओझी वाहत राहिले. त्यांना स्वतंत्र जात म्हणून अधिकृत मान्यता मिळावयास आपला काळ उजाडावा लागला. पशुजातींची नोंद ठेवणाऱ्या कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने भीमथडीची नोंद केली तेव्हा ती भारतातील घोड्यांची आठवी मान्यताप्राप्त जात ठरली. ज्यांच्या जिवावर राज्य विस्तारले त्यांचे नाव सरकारी दप्तरात चढावयास अडीचशे वर्षांहून अधिक काळ गेला.

शर्यतीचा घोडा हा आपल्याकडे नगरसंस्कृतीबरोबर, आणि तीही इंग्रजी अंमलातील, आला. मुंबईत प्रारंभीच्या शर्यती भायखळ्याच्या मैदानावर होत. १८०२ साली स्थापन झालेल्या टर्फ क्लबाने पुढे खुश्रू वाडिया यांच्याकडून मिळालेल्या महालक्ष्मीच्या दलदलीच्या जमिनीवर भरणी करून १८८३ साली नवे मैदान सिद्ध केले. पुण्यास लष्कराच्या जागेवर त्याहूनही आधी, १८३० साली, शर्यतीचे मैदान आखले गेले होते. पावसाळ्यात पुणे आणि हिवाळ्यात मुंबई असा मोसमांचा क्रम तेव्हापासून रुळला. महालक्ष्मीच्या मैदानातील कित्येक एकर जागा सार्वजनिक उद्यानासाठी घेण्याचे अलीकडे ठरले, तेव्हा त्या जमिनीचा इतिहास पुन्हा चर्चेत आला. शहराच्या मध्यभागी एवढी मोकळी भूमी टिकून राहिली ती घोड्यांमुळे, ही गोष्ट त्या चर्चेत मात्र फारशी कोणी बोलून दाखविली नाही.

या मैदानांचा इतिहास सांगताना विजेत्यांची यादी देण्याची रीत आहे. १९४३ साली पहिली इंडियन डर्बी जिंकणारी, बडोद्याच्या महाराजांची प्रिन्सेस ब्यूटिफुल ही घोडी अशा प्रत्येक यादीच्या शिरोभागी असते, आणि ते योग्यच आहे. परंतु एका शर्यतीत दहा-बारा घोडे धावतात आणि एकच जिंकतो. उरलेल्यांवरच मोसम चालतो. ज्याने शर्यतीचे गणित बसविले त्याला हे ठाऊक होते, म्हणून त्याने वजनाची योजना केली. घोड्यांचे गुणांकन करून त्यांची वर्गवारी लावतात आणि सरस घोड्याच्या पाठीवर अधिक भार, दुबळ्याच्या पाठीवर कमी भार ठेवतात. स्वार हलका असला तर खोगिरात शिसे घालून ते वजन पुरे करतात. तत्त्वतः सारे घोडे एकाच क्षणी अंतिम खांबापाशी पोहोचावेत, ही त्यामागील कल्पना. मानवी व्यवहारात दुर्बलाचे ओझे इतक्या काटेकोरपणे कमी करणारी दुसरी योजना सहसा आढळत नाही. म्हणूनच खालच्या वर्गातील, वर्षभर मागे राहिलेला घोडा एखाद्या दुपारी साऱ्या टिपा खोट्या पाडून पुढे येतो, आणि मैदानावरची मंडळी ‘फ्लूक लागला’ असे म्हणतात. तो योगायोग नसतो. त्यामागे पहाटेच्या काळोखात त्याला फिरविणारा मोतद्दार असतो, खुराकाचे माप बदलून पाहणारा शिक्षक असतो आणि बहुधा एखादा नवखा, स्वतःही मागच्या रांगेतून आलेला स्वार असतो. पांडू खाडे, वसंत शिंदे अशी मराठी नावे स्वारांच्या नामावळीत अग्रभागी आली. त्यांच्या मागे तबेल्यांतून वाढलेल्या शेकडो मुलांची अनाम रांग उभी आहे, हे विसरता कामा नये.

हरणाऱ्या घोड्यावर एखादे शहर किती प्रेम करू शकते याचे जपानमधील उदाहरण बोलके आहे. शिकोकू बेटावरील कोची येथील शर्यतीचे मैदान तोट्यात जाऊन बंद पडण्याच्या बेतात असताना, हारू उरारा नावाची एक लहानखुरी घोडी तेथे १९९८ पासून सातत्याने हरत होती. तिच्या पराभवांची संख्या शंभराच्या घरात गेली तेव्हा देशभरातून माणसे तिला पाहण्यासाठी येऊ लागली. २००४ च्या मार्चमध्ये जपानचा अग्रगण्य स्वार युताका ताके तिच्यावर बसला, मैदानावर सुमारे तेरा हजारांची गर्दी लोटली आणि ती अकरा घोड्यांत दहावी आली. ११३ शर्यतींत तिला एकही विजय लाभला नाही. परंतु कोचीचे मैदान तगले, आणि त्या शहराच्या अर्वाचीन इतिहासात तिचे नाव एखाद्या नगराध्यक्षाच्या नावाहून अधिक जणांच्या ओठी आहे.

आपल्याकडे पराभूत घोड्याने याहून मोठे कार्य केले आहे, आणि म्हसावदच्या शेतमजुराशी त्याचा थेट संबंध आहे. शर्यतीतून बाद झालेल्या घोड्यांपैकी काही माथेरानसारख्या ठिकाणी पर्यटकांस पाठीवर घेत. काहींची रवानगी मात्र मुंबईच्या हाफकिन संस्थेकडे होई. १८९९ मध्ये प्लेगच्या संशोधनासाठी निघालेल्या आणि १९२५ पासून हाफकिन यांचे नाव धारण करणाऱ्या या संस्थेत घोड्यांच्या रक्तापासून रक्तरस काढून औषधे सिद्ध होत. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सर्पांचे विष अत्यल्प मात्रेने घोड्यास टोचतात. त्याचे शरीर त्या विषावर उतारा निर्माण करते, आणि तो उतारा शुद्ध करून कुपीत भरतात. पुण्याच्या पूनावाला कुटुंबाच्या अश्वपैदास केंद्रातील घोडेही हाफकिनला दिले जात, आणि त्यातूनच हे औषध आपणच का करू नये असा विचार निघून १९६६ साली सीरम इन्स्टिट्यूटची स्थापना झाली; धनुर्वातावरील रक्तरस हे तिचे आरंभीचे उत्पादन होते. म्हणजे आज साऱ्या जगाला लस पुरविणारी पुण्याची ही संस्था ज्या पायावर उभी राहिली, तो पाया घोड्यांच्या खुरांचा आहे.

सातपुड्याच्या पायथ्याच्या शेतांत पावसाळ्यात साप निघतात. केळीच्या बागेत पाणी धरणारा, उसाला दारे मोडणारा, कापूस वेचणारी, अशी कितीतरी माणसे दरवर्षी दंश होऊन रुग्णालयाच्या दारी आणली जातात. तेथे शिरेतून जे औषध दिले जाते ते कोणत्या तरी घोड्याच्या देहातून आलेले असते. त्या घोड्याने कोणता चषक जिंकला, त्याच्या मानेखाली देवमन होता की डोळ्याखाली अशुभ भोवरा, हे त्या कुपीवर लिहिलेले नसते. अशा घोड्यांना उत्तम चारा, विश्रांती आणि वैद्यकीय देखरेख मिळाली पाहिजे, आणि ती मिळते की नाही याची तपासणी काटेकोर असली पाहिजे, हे मी आग्रहाने म्हणेन; कारण त्यांचे ऋण फिटण्यासारखे नाही.

देशातील घोडे-तट्टांची संख्या झपाट्याने घटत आहे. २०१२ च्या पशुगणनेत ती सव्वासहा लाखांच्या घरात होती. २०१९ मध्ये सुमारे तीन लाख चाळीस हजार उरली. यात्रेच्या मांडवातील लक्षावधी रुपयांच्या घोड्याची चिंता करणारे पुष्कळ आहेत. टांगा गेला, लष्कराची गरज घटली, डोंगरात हळूहळू रस्ते पोहोचले, आणि जो तट्टू उपयोगापुरताच पाळला जात होता तो प्रथम नाहीसा होऊ लागला. खानदेशच्या डोंगरात वापरले जाणारे तट्टू कोणत्या रक्ताचे, त्यांचे भीमथडीशी वा काठेवाडीशी नाते काय, त्यांची उंची, चाल आणि सोशिकता कशी, याची पद्धतशीर पाहणी भीमथडीच्या धर्तीवर व्हावयास हवी. सारंगखेड्याच्या यात्रेत खरेदीखते होतात, किमतींची नोंद होते. त्याच वेळी पशुवैद्यकांनी बसून या कमी किमतीच्या जनावरांची मापे व मालकांची माहिती टिपून ठेवली, तर पाच-सात वर्षांत एक मोलाचे दप्तर उभे राहील. शहादा-नंदुरबार भागातील महाविद्यालयांच्या इतिहास व प्राणिशास्त्र विभागांनी हे काम एकत्र अंगावर घ्यावे, अशी माझी त्यांस विनंती आहे. मोतद्दार, नालबंद आणि जुने दलाल यांच्या स्मृतीत जे आहे ते लिहून घेण्यास फारसा काळ उरलेला नाही. येत्या दत्तजयंतीस जे वाचक सारंगखेड्यास जातील त्यांनी मुख्य मांडवातून फिरून झाल्यावर बाजाराच्या टोकास बांधलेल्या तट्टांपाशीही थांबावे, मालकास त्याचे गाव विचारावे, जनावराचे नाव विचारावे आणि ते आपल्या वहीत लिहून आणावे.