ग्रह पाहण्यासाठी आयपीस कसा पारखावा

दुर्बिणीचा आरसा किंवा पुढचे मोठे भिंग ग्रहाची प्रतिमा तयार करते. ती मोठी करून डोळ्यापर्यंत पोचवण्याचे काम आयपीस करतो. आरशाने जो तपशील गोळाच केलेला नाही तो जगातला कोणताही आयपीस दाखवू शकत नाही. चांगल्या आरशाने आणलेला तपशील मात्र वाईट आयपीस वाटेत हमखास हरवतो. नवा आयपीस तपासायचा तो ही गळती किती आहे हे पाहण्यासाठी.

महाराष्ट्रातल्या हौशी निरीक्षकाला ही तपासणी स्वतःच करावी लागते, आणि त्याला कारण आहे. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था २२ ऑगस्ट १९४४ रोजी स्थापन झाली. देशातली ही हौशी खगोलनिरीक्षकांची सर्वांत जुनी संस्था. पुढे पुण्याच्याच ‘आयुका’ या खगोलशास्त्र संस्थेने अरविंद परांजपे यांच्या पुढाकाराने दुर्बीण तयार करण्याच्या कार्यशाळा घेतल्या. काचेवर काच घासून सहा किंवा आठ इंची आरसा तयार करायचा, त्यावर ॲल्युमिनियमचा मुलामा चढवून घ्यायचा आणि प्लायवूडच्या डॉबसन बैठकीवर नळी बसवायची, हे काम शाळकरी मुलांनीही केले आहे. आरसा घासणाऱ्याला आपल्या आरशाचा कण न् कण माहीत असतो. आयपीस मात्र घरी घडत नाही. तो बाजारातून येतो, बंद नळकांड्यात, आणि त्याच्याबद्दल जे काही कळते ते डबीवर छापलेले असते तेवढेच.

डबीवरचा पहिला आकडा नाभीय अंतराचा. दुर्बिणीच्या नाभीय अंतराला आयपीसच्या नाभीय अंतराने भागले की विशालन मिळते. आठ इंची म्हणजे २०३ मिलिमीटर आरसा आणि १२०० मिलिमीटर नाभीय अंतर, अशी दुर्बीण आपल्याकडे बरीच प्रचलित आहे. तिला ६ मिलिमीटरचा आयपीस लावला की विशालन २०० पट होते आणि आयपीसमधून बाहेर पडणारी प्रकाशशलाका जेमतेम १ मिलिमीटर जाडीची उरते. ग्रहांसाठी ही जाडी उत्तम. अर्ध्या मिलिमीटरच्या खाली गेले की चित्र अंधारते आणि डोळ्यातल्याच तरंगत्या जाळ्या ग्रहावर दिसू लागतात. ‘६०० पट’ असे खोक्यावर ठळक छापणाऱ्या स्वस्त दुर्बिणींकडे पाठ फिरवावी ती याचसाठी.

दुसरा आकडा दृश्यक्षेत्राच्या कोनाचा, आणि तो भिंगांच्या रचनेवर ठरतो. व्हिएन्नाच्या प्लॉसल यांनी १८६० मध्ये दोन जोडभिंगे समोरासमोर ठेवून केलेली रचना आज सर्वांत जास्त विकली जाते. तिचे क्षेत्र सुमारे ५० अंश. एर्न्स्ट ॲबे यांचा १८८० चा ऑर्थोस्कोपिक आयपीस तीन चिकटवलेली भिंगे आणि एक सुटे भिंग एवढ्यावर भागवतो. त्याचे क्षेत्र ४० ते ४५ अंशांचेच, पण जुने ग्रहनिरीक्षक त्याचे नाव अजून आदराने घेतात. अमेरिकेच्या अल नॅगलर यांनी १९८० च्या सुमारास ८२ अंशांचा आयपीस बाजारात आणला आणि तिथून रुंद क्षेत्राची चढाओढ सुरू झाली. भिंगे वाढली की हवा आणि काच यांच्या सीमाही वाढतात. मुलामा नसलेल्या अशा प्रत्येक सीमेवर सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. आजचे बहुस्तरी मुलामे हे प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या आत आणतात, त्यामुळे ‘भिंगे कमी तेवढे बरे’ हा जुना नियम आता तितकासा खरा राहिलेला नाही.

ग्रहांसाठी काळेकुट्ट आकाश लागते हा समज चुकीचा आहे. गुरू मुंबईतल्या गच्चीवरूनही उत्तम दिसतो. त्याला हवी असते स्थिर हवा आणि क्षितिजापासूनची उंची. या हिशेबात गडचिरोली जिल्ह्यातल्या हेमलकशाचे स्थान फार सोयीचे आहे. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला ते हे गाव. भामरागडच्या त्रिवेणी संगमाजवळ, जंगलाने वेढलेले आणि साधारण १९.४ अंश उत्तर अक्षांशावर वसलेले. मिथुन राशीतला गुरू इथे जवळजवळ डोक्यावरून जातो. धनू राशीत, म्हणजे सर्वांत दक्षिणेला असला तरी तो ४८ अंशांपर्यंत चढतो. तोच गुरू लंडनच्या निरीक्षकाला क्षितिजापासून जेमतेम १६ अंशांवर दिसतो. शिवाय दक्षिणेकडच्या ग्रहांची प्रतियुती जून-जुलैमध्ये येते, तेव्हा भामरागड परिसरात पाऊस कोसळत असतो आणि पर्लकोटा नदीच्या पुराने रस्ते बंद असतात. हिवाळ्यात प्रतियुतीला येणारे ग्रह उत्तरेकडचे, म्हणून उंचावरचे. निरभ्र रात्री आणि उंच ग्रह इथे एकाच ऋतूत येतात.

आयपीसला दोष देण्याआधी बाकीचे आरोपी बाजूला काढावे लागतात. दिवसभर खोलीत तापलेला आठ इंची आरसा बाहेरच्या थंडीशी जुळायला तासभर तरी घेतो. तोवर नळीतच गरम हवा घुसळत राहते. आरसे एका अक्षात आहेत की नाहीत हे एखादा तेजस्वी तारा किंचित नाभीबाहेर नेऊन पाहता येते. त्याची वर्तुळे एकमध्य असली पाहिजेत. दुर्बीण पत्र्याच्या छपरापासून आणि काँक्रीटच्या अंगणापासून दूर, मोकळ्या मातीवर ठेवावी, कारण तापलेली छपरे रात्री उशिरापर्यंत वाफारत असतात. तारे फार लुकलुकत असतील तर त्या रात्री तपासणी करूच नये. धुक्याच्या रात्री आकाश फिके दिसते, पण हवा बहुधा शांत असते. नदीकाठच्या गावात असे धुके हिवाळ्यात नवे नाही, आणि ग्रहांसाठी ते शत्रू नव्हे.

मग तुलना. एकटा आयपीस कधीच तपासता येत नाही. त्याच्याशेजारी ओळखीचा, त्याच नाभीय अंतराचा दुसरा आयपीस लागतो. कमी विशालनाची प्रतिमा नेहमीच जास्त ठसठशीत आणि उजळ भासते, त्यामुळे ७ मिलिमीटरचा आयपीस ५ मिलिमीटरच्या शेजारी ठेवला तर तो फुकटचाच जिंकतो. छापील आकडेही काही टक्क्यांनी इकडेतिकडे असतात. दोन्हींतून गुरूचे बिंब सारखेच मोठे दिसते का, हे आधी पाहून घ्यावे.

क्षेत्र मोजायला घड्याळ पुरते. मृग नक्षत्रातल्या बाणाच्या तीन ताऱ्यांपैकी आधी उगवणारा तारा खगोलीय विषुववृत्ताला जवळजवळ लागून आहे. दुर्बीण स्थिर ठेवून तो क्षेत्राच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत मधोमध सरकू द्यावा आणि सेकंद मोजावेत. दर सेकंदाला तो १५ विकला सरकतो. ६० सेकंद लागले तर क्षेत्र १५ कला, म्हणजे २०० पट विशालनाला ५० अंशांच्या आयपीसचे जे क्षेत्र असायला हवे तेच. ८२ अंशांचा दावा असेल तर साधारण ९८ सेकंद मिळायला हवेत.

ग्रहही असाच सरकतो, आणि ऑर्थोस्कोपिक विरुद्ध रुंद क्षेत्र या जुन्या वादाचा निकाल इथेच लागतो. मोटर असलेल्या बैठकीवर ग्रह मधोमध उभा राहतो, तेव्हा ४० अंश पुष्कळ झाले. हाताने ढकलायच्या डॉबसनवर मात्र मिनिटभरात ग्रह कडेला जातो. ढकलल्यावर नळी थरथरते, ती शांत होईपर्यंत काही सेकंद जातात आणि उरलेल्या वेळात काय दिसेल ते पाहायचे. अशा दुर्बिणीला रुंद क्षेत्र चैनीचे नाही, आणि आयपीस कडेपर्यंत रेखीव आहे की नाही हे खरोखर महत्त्वाचे ठरते. गुरू मधे असताना नाभीवर आणावा आणि नंतर काही न हलवता त्याला कडेकडे जाऊ द्यावे. बिंब क्षेत्राच्या कोणत्या भागापासून विस्कटते, पट्टे कुठे विरघळतात, हे लिहून ठेवावे.

खरी परीक्षा पट्ट्यांची. विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंचे दोन जाड पट्टे कोणताही आयपीस दाखवतो. पाहायचे असते ते त्यांच्या कडांचे खाचखळगे, उत्तरेकडच्या पट्ट्यातून विषुववृत्ताकडे ओघळणारे निळसर धागे, तांबड्या डागाभोवतीची पोकळी आणि ध्रुवांकडचे फिके पट्टे. एखाद्या उपग्रहाची सावली बिंबावर पडलेली असेल तर ती शाईच्या ठिपक्याइतकी काळी दिसते की नुसती करडी, हे पाहावे. करडी दिसली तर कुठून तरी प्रकाश सांडतो आहे. गुरू स्वतःभोवती ९ तास ५५ मिनिटांत फिरतो, म्हणजे तासाभरात समोरचा भाग ३६ अंशांनी सरकतो. म्हणून दोन आयपीसांची अदलाबदल दर काही मिनिटांनी करावी. आधी एकाने तासभर आणि मग दुसऱ्याने तासभर पाहिले तर तुलना वेगवेगळ्या दृश्यांची होते.

सांडलेला प्रकाश पकडायची दुसरी युक्ती सोपी आहे. गुरू किंवा शुक्र क्षेत्राच्या अगदी जरासा बाहेर न्यावा. चांगल्या आयपीसमध्ये क्षेत्र लगेच काळे होते, वाईटात कडेने प्रकाशाचे फराटे घुसतात. ग्रह आत असताना त्याच्या उलट दिशेने सरकणारी अंधुक दुसरी प्रतिमा दिसली तर ती भिंगांमधल्या परावर्तनाची भुताटकी समजावी.

रंगाच्या बाबतीत नवखे बहुतेक वेळा फसतात. ग्रहाच्या एका कडेला तांबडी आणि दुसऱ्या कडेला निळी झाक दिसली की दोष आयपीसवर जातो. ग्रह खाली असेल तर ही करामत वातावरणाची असते, कारण हवा लोलकासारखी रंग फोडते. ग्रह मधोमध असतानाही झाक दिसत असेल आणि आयपीस त्याच्या नळीत फिरवूनही तिची दिशा बदलत नसेल, तर तिचा उगम बाहेर आहे. फक्त क्षेत्राच्या कडेजवळच रंग येत असेल तर तो आयपीसचा. हेमलकशाच्या आकाशात डोक्यावर आलेल्या ग्रहाला वातावरणाची झाक जवळजवळ नसतेच. मात्र अगदी माथ्यावर डॉबसन बैठक आडवी वळवताना अडखळते, त्यामुळे ग्रह माथ्यावर यायच्या तासभर आधी किंवा नंतर पाहणे सुखाचे.

शनीची कॅसिनी फट उत्तम परिस्थितीतही सुमारे पाऊण विकला रुंद दिसते. मार्च २०२५ मध्ये वलये पृथ्वीवरून कडेने दिसत होती. त्यानंतर ती हळूहळू पुन्हा उघडत जातात, आणि ती मिटलेली असतात त्या काळात या फटीवरून आयपीसला नापास करणे अन्यायाचे. त्याऐवजी एन्सेलॅडस शोधावा. बाराव्या प्रतीच्या आसपासचा हा उपग्रह वलयांच्या उजेडात बुडून जातो. हेमलकशाचा अंधार ग्रहांच्या तपासणीत उपयोगी पडतो तो या एका ठिकाणी: आकाश स्वच्छ काळे असूनही एका आयपीसमधून तो दिसला आणि दुसऱ्यातून नाही, तर प्रकाश सांडणारा कोण ते कळले.

डोळा कुठे ठेवावा लागतो हेही तपासणीचाच भाग आहे. ६ मिलिमीटरच्या प्लॉसलमध्ये डोळा भिंगापासून चार-पाच मिलिमीटरवर न्यावा लागतो. पापण्या काचेला लागतात, श्वासाने ती धूसर होते आणि चष्मेवाल्याला तर पूर्ण क्षेत्र दिसतच नाही. लांबून पाहता येणारा आयपीस थोडा कमी तीक्ष्ण असला तरी त्यातून माणूस जास्त वेळ पाहतो, आणि ग्रहाचा तपशील वेळ देणाऱ्यालाच दिसतो. आश्रमशाळेसारख्या ठिकाणी जिथे मुलांची रांग लागते, तिथे हा गुण सर्वांत वर ठेवावा.

किंमत माहीत असली की डोळा पक्षपाती होतो. म्हणून आयपीस बदलणारा एक आणि पाहणारा दुसरा असावा; पाहणाऱ्याने कोणता लावला आहे ते विचारू नये आणि चित्र काढून झाल्यावरच इतरांशी बोलावे. तीन-चार जणांच्या चित्रांत तोच धागा तिथेच उमटला तर तो खरा.

जंगल भागात आयपीसचा मोठा शत्रू ओल. दव पडल्यास काच रुमालाने पुसू नये, खिशाच्या उबेत सुकू द्यावी. पावसाळ्याचे चार महिने आयपीस घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावेत. बुरशी मुलाम्यात एकदा रुतली की तो आयपीस ग्रहांसाठी कायमचा बाद होतो.

आठ इंची डॉबसन असणाऱ्याने पैसे एकाच आयपीसवर खर्चायचे ठरवले, तर ६ ते ७ मिलिमीटरचा, ६० अंशांहून रुंद क्षेत्राचा आणि चष्म्यासह पाहता येणारा घ्यावा. फेब्रुवारी २०२७ मध्ये गुरू आणि मंगळ सिंह राशीत काही दिवसांच्या अंतराने प्रतियुतीला येत आहेत. सुमारे ४५ विकलांचा झगझगीत गुरू आणि सुमारे १४ विकलांचा फिक्या खुणांचा मंगळ एकाच रात्री, हेमलकशाहून ८५ अंशांच्या आसपासच्या उंचीवर मिळतील. नवा आयपीस घ्यायचा असेल तर तो त्याआधी हाती असावा.