टाकीतली पातळी कोण सांगणार?

बुलडाणा जिल्हा कापसासाठी प्रसिद्ध आहे. खामगाव, मलकापूर या भागांत कापसातून रुई वेगळी करतात. मागे उरते ती सरकी. सरकीपासून खाण्याचे तेल निघते आणि तेल काढल्यावर राहिलेली ढेप गुरांना खाऊ घालतात.

सरकीचे तेल तयार करणाऱ्या एखाद्या कारखान्याची कल्पना करा. तेथे पाण्याची टाकी असते, कच्च्या तेलाची टाकी असते. तेल स्वच्छ करण्यासाठी लागणाऱ्या कॉस्टिक सोड्याची टाकी असते. वाफ तयार करणारा बॉयलरही असतो. या सर्व टाक्या लोखंडाच्या, बंद झाकणाच्या. आत द्रव किती आहे, हे बाहेरून दिसत नाही. ते सांगण्यासाठी जे साधन बसवतात त्याला ‘पातळी सेन्सर’ म्हणतात.

यांपैकी सर्वांत चांगला सेन्सर कोणता? असे विचारणाऱ्याला जाणकार तंत्रज्ञ उलट विचारतो, “टाकीत काय आहे?” याचे कारण आपण पाहू.

सर्वांत जुने साधन म्हणजे तरंगणारा गोळा. घरच्या टाकीत बॉलकॉक असतो. पाणी चढले की गोळा वर येतो आणि नळ बंद होतो. ही युक्ती फार जुनी आहे. नवव्या शतकात बगदादमध्ये ‘बनू मूसा’ नावाने ओळखले जाणारे तीन भाऊ होते. त्यांनी यंत्रांवर लिहिलेल्या ग्रंथात तरंगत्या गोळ्याने चालणाऱ्या झडपा आहेत. गोळा स्वस्त असतो आणि त्याला वीजही लागत नाही. पण कच्च्या तेलात चिकट गाळ असतो. तो सांध्यात बसला की गोळा अडकतो. कॉस्टिक सोड्याच्या टाकीत ॲल्युमिनियमचा गोळा टाकला, तर सोडा तो खाऊन टाकतो. तेथे गोळा स्टेनलेस स्टीलचा किंवा योग्य प्लॅस्टिकचा हवा.

दुसरे साधन म्हणजे धातूच्या दांड्या. पाणी दांड्यांना टेकले की पाण्यातून थोडी वीज वाहते आणि मोटार चालू किंवा बंद होते. विहिरीवर व इमारतीच्या टाकीवर ही पद्धत पुष्कळ ठिकाणी वापरतात. मात्र हीच दांडी तेलात बुडवली तर ती काहीच सांगणार नाही, कारण तेलातून वीज वाहत नाही. पाण्यातही काळजी घ्यावी लागते. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील खारपाण पट्ट्यात जमिनीतले पाणी खारट आहे. अशा पाण्यात दांड्यांवर क्षारांचा थर बसतो आणि गंजही चढतो. त्या वेळोवेळी घासून स्वच्छ कराव्या लागतात.

तिसरे साधन टाकीच्या तळाशी बसते आणि द्रवाचा दाब मोजते. द्रव जितका उंच, तितका दाब जास्त. पण दाब घनतेवरही अवलंबून असतो. सरकीचे तेल पाण्याहून हलके असते. पाण्याची घनता १ धरली, तर तेलाची साधारण ०.९२ येते. समजा, पाण्यासाठी जुळवलेला सेन्सर कोणी तसाच तेलाच्या टाकीला लावला. टाकी ५ मीटर उंच आहे आणि काठोकाठ भरली आहे. सेन्सर मात्र ४.६ मीटर दाखवील! कामगाराला वाटेल, अजून जागा आहे. तो पंप चालूच ठेवील आणि तेल जमिनीवर ओसंडेल.

चौथे साधन वटवाघळासारखे काम करते. ते वरून आवाज सोडते. हा आवाज माणसाला ऐकू येत नाही. तो द्रवावर आपटून परत येतो. परत येण्यास लागलेल्या वेळेवरून अंतर कळते. द्रवाला स्पर्श करावा लागत नाही, हा याचा मोठा गुण. पण द्रवावर फेस असेल तर फेस आवाज शोषून घेतो. हवेच्या उष्णतेनेही फरक पडतो. २० अंश सेल्सियसला हवेत आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, तर ४० अंशांना सुमारे ३५५ मीटर. विदर्भाच्या उन्हाळ्यात हा फरक विसरला, तर ३ मीटर अंतर मोजताना १० सेंटिमीटरची चूक होते. म्हणून अशा सेन्सरमध्ये तापमान मोजण्याची सोय आहे की नाही, हे पाहूनच तो घ्यावा. जेथे वाफ खूप असते, तेथे रडारचा सेन्सर उपयोगी पडतो. तो महाग असतो.

एवढा विचार करून निवडलेले साधनही कधी तरी बिघडते. ११ डिसेंबर २००५ रोजी इंग्लंडमधील बन्सफील्ड येथे पेट्रोलची एक मोठी टाकी भरली जात होती. पातळी दाखवणारे यंत्र एकाच आकड्यावर अडकले. टाकी भरताच पुरवठा थांबवणारे दुसरे साधन होते, पण तेही चालले नाही. पेट्रोल ओसंडले, त्याची वाफ पसरली आणि भयंकर स्फोट झाला. चाळीसहून अधिक माणसे जखमी झाली.

म्हणून जेथे जिवाला धोका आहे, तेथे एकाच साधनावर विसंबू नये. बॉयलरमध्ये पाणी कमी झाले, तर तापलेल्या नळ्या फुटून स्फोट होऊ शकतो. त्यामुळे सेन्सर असला तरी बॉयलरवर पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचाही असतात आणि कामगार त्या डोळ्यांनी पाहतो. दोन्ही साधने ठरावीक दिवशी तपासावी लागतात. न तपासलेले दुसरे साधन असून नसल्यासारखेच!

आधी द्रव ओळखा, मग साधन निवडा आणि निवडल्यावरही ते तपासत राहा. हा नियम पाळणाऱ्या कारखान्यात तेलही वाचते आणि माणसेही सुरक्षित राहतात.

शब्दार्थ
सरकी – कापसाचे बी
द्रव – पाण्यासारखा वाहणारा पदार्थ
झडप – प्रवाह सुरू किंवा बंद करणारा भाग
ओसंडणे – भरून बाहेर वाहणे
विसंबणे – भरवसा ठेवणे

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) तेलात धातूच्या दांड्या का चालत नाहीत?
(आ) खारपाण पट्ट्यात दांड्या का घासाव्या लागतात?
२. कारणे लिहा : पाण्यासाठी जुळवलेला दाबाचा सेन्सर तेलाची पातळी कमी दाखवतो.
३. वाक्यात उपयोग करा : काठोकाठ भरणे, विसंबणे.
४. तुमच्या घरची किंवा शाळेची पाण्याची टाकी पाहा. ती भरल्याचे कसे कळते, ते पाच ओळींत लिहा.