तुलना कुणाशी?

नोकरी नाकारताना ‘तू काळा आहेस म्हणून’ किंवा ‘तू बाई आहेस म्हणून’ असं कुणी लिहून देत नाही. कागदावरचं कारण सभ्यच असतं: अनुभव कमी पडला, जागा भरली गेली. आपल्यासारख्या आणखी किती जणांना हेच उत्तर मिळालं, हे नाकारलेल्या एकट्या माणसाला कळायला मार्ग नसतो. अमेरिकेत १९६४च्या नागरी हक्क कायद्याने नोकरीतल्या भेदभावाला बंदी केली. तिथला समान रोजगार संधी आयोग १९६६पासून कंपन्यांकडून दरवर्षी ‘ईईओ-१’ नावाचा तक्ता मागवतो, तो यासाठीच.

शंभर किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खासगी कंपन्यांनी तो भरायचा असतो. एका बाजूला कामाचे १० गट, बड्या अधिकाऱ्यांपासून मजुरांपर्यंत. दुसऱ्या बाजूला स्त्री-पुरुष आणि वंशाचे ७ गट. तिथे नोकरी करणारी मराठी माणसं साधारणपणे ‘आशियाई’ रकान्यात मोजली जातात. वंश ज्याने त्याने स्वतः सांगायचा. कुणी सांगितला नाही, तर कंपनी आपल्या नोंदींवरून किंवा माणसाला पाहून रकाना ठरवू शकते.

एवढ्यावर गुन्हा सिद्ध होत नाही. गट फार ढोबळ आहेत. नर्स, वकील आणि इंजिनिअर एकाच ओळीत येतात. अर्ज किती जणांनी केले, हेही तक्त्यात नसतं. कुठे खणायचं, एवढंच तो दाखवतो. त्याच भागातल्या, त्याच धंद्यातल्या कंपन्यांच्या मानाने एखादीचे आकडे फारच वेगळे दिसले, तर चौकशीत अर्जदारांची यादी, परीक्षेचे गुण, बढत्यांच्या नोंदी मागवल्या जातात. तिथे पहिली चाळणी १९७८च्या ‘चार-पंचमांश’ नियमाची. समजा, शंभर पुरुषांनी अर्ज केले आणि पन्नास निवडले गेले. शंभर बायकांनी केले आणि तीस निवडल्या गेल्या. तीस हे पन्नासच्या ६० टक्के. ८० टक्क्यांच्या खाली गेलं की निवडीच्या पद्धतीवर संशय येतो.

कधी आकडाच इतका बोलका असतो की गणित लागत नाही. १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाली काढलेल्या ‘टीमस्टर्स’ खटल्यातल्या मालवाहतूक कंपनीकडे १९७१मध्ये लांब पल्ल्याचे १,८२८ ड्रायव्हर होते. त्यांत कृष्णवर्णीय आठ, आणि तेही खटला सुरू झाल्यानंतर घेतलेले. तरीही सरकार आकड्यांवर थांबलं नाही. भेदभावाचे चाळीसहून अधिक प्रसंग साक्षीदारांनी कोर्टात सांगितले. मला ही जोडी फार मोलाची वाटते: एकट्याच्या तक्रारीला अपवाद म्हणून उडवून लावता येतं आणि नुसत्या आकड्याला योगायोग म्हणता येतं. दोन्ही एकत्र आले की ते अवघड होतं.

खरी झुंज असते ती तुलना कुणाशी करायची यावर. त्याच वर्षीचा हेझलवुडचा खटला पाहा. हा मिझुरी राज्यातल्या सेंट लुईस शहराबाहेरचा शाळा-विभाग. (शाळांचा तक्ता वेगळा, हिशोब तोच.) दोन वर्षांत त्यांनी ४०५ शिक्षक नेमले, त्यांत कृष्णवर्णीय १५. परिसरातल्या शिक्षकांत कृष्णवर्णीय किती? शहर धरलं तर १५.४ टक्के, वगळलं तर ५.७.

पहिला आकडा घेतला तर भेदभाव नसताना सुमारे ६२ जण नेमले जायला हवे होते. दुसरा घेतला तर २३. मग प्रश्न असा, की १५पर्यंतची घट नशिबाने पडू शकते का? नशिबाची ही चढउतार संख्याशास्त्रज्ञ प्रमाण विचलनात मोजतात. ६२ आणि १५मधलं अंतर सहा विचलनांहून जास्त भरतं. योगायोगाने असं घडणं जवळजवळ अशक्य. २३ आणि १५मधलं दोनहूनही कमी, म्हणजे ठोस काही म्हणता येत नाही. शिक्षक तेच, नेमणुका त्याच. शहराची हद्द आत घेतली की बाहेर ठेवली, यावर अख्खा खटला फिरतो. न्यायालयाने योग्य तुलना ठरवण्यासाठी तो खाली परत पाठवला. म्हणून असा एखादा टक्का वाचताना मी आधी त्याचा छेद शोधतो.

या तक्त्यात एक मोठी पोकळी आहे: पगार. २०१७ आणि २०१८ या दोन वर्षांची पगाराची माहिती आयोगाने कंपन्यांकडून गोळा केली, पुढे ते थांबलं. एकाच पदावरच्या दोघांपैकी कुणाला कमी मिळतं, हे त्या माहितीतूनही थेट कळलं नसतं. पण कुठे खणायचं ते कळलं असतं. ती मोजणी पुन्हा सुरू व्हायला हवी.